थापी कोणाच्या हाती?

बांधकाम कामगारांच्या मेळाव्यांत आपण नोंदणी, भांड्यांचा संच, सुरक्षा साहित्य आणि उपकराचा निधी यांवर ठराव करतो. ते आवश्यकच आहेत. परंतु एका प्रश्नाला आपण सातत्याने बगल देत आलो आहोत : गवंडी होण्याची वाट कोणासाठी खुली आहे आणि कोणासाठी बंद?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकामाचा अभ्यासक्रम आहे. पण मजूर नाक्यावरच्या बहुसंख्य गवंड्यांनी त्या संस्थेची पायरी चढलेली नसते. मुलगा बिगारी म्हणून येतो, विटा भिजवतो, माल कालवतो. जेवणाच्या सुटीत मिस्त्रीची थापी हाती घेतो. मिस्त्री कधी रागावतो, कधी दोन विटा लावू देतो. मग आतल्या भिंतीचा एखादा थर, मग कोपरा आणि ओळंबा, शेवटी गिलावा. काही वर्षांत तो गवंडी होतो आणि त्याची मजुरी बिगाऱ्याच्या बरीच वर जाते.

त्याच दिवशी त्याच नाक्यावरून निघालेली स्त्री वीस वर्षांनंतरही घमेलेच वाहत असते. एका सिमेंटला वाळू किती, पाणी किती, कालवलेला माल किती वेळात घट्ट होऊ लागतो, नव्या भिंतीला किती दिवस पाणी मारावे, हे सारे तिला ठाऊक असते. कारण ही कामे तीच करते. अर्धी विद्या तिच्या हाती आहे. उरलेली अर्धी तिला कोणी शिकवत नाही.

स्त्रियांना हे काम झेपणार नाही, असे सांगितले जाते. ओल्या मालाचे घमेले डोक्यावर घेऊन जी परांची चढते, तिला थापी जड कशी होईल? झारखंडमध्ये 2018 च्या सुमारास स्वच्छ भारत अभियानातील शौचालये मुदतीत पुरी करायची होती आणि गवंडी अपुरे पडत होते. तेव्हा हजारो ग्रामीण स्त्रियांना हे काम शिकवण्यात आले आणि त्या ‘राणी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. शासनाला गरज पडली तेव्हा स्त्रीच्या अंगची दुर्बलता कोठे गेली?

कायद्याची कथा अधिक बोधप्रद आहे. 1976 च्या समान वेतन कायद्याने समान कामाला समान दाम देऊ केला. कंत्राटदाराने त्यावर सोपा तोडगा काढला : स्त्रीला समान कामच द्यायचे नाही! 1987 च्या दुरुस्तीने बढती आणि प्रशिक्षणातील भेदभावही निषिद्ध ठरवला. तरी बांधकामावर थापी पुरुषाच्याच हाती राहिली. आता त्या कायद्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता आली आहे. कायद्याचे नाव बदलले, घमेल्याखालचे डोके तेच आहे.

आणि येथे दोष केवळ कंत्राटदाराचा नाही. शिकवणे न शिकवणे मिस्त्रीच्या हाती असते, आणि मिस्त्री आपल्या संघटनेचा सभासद असतो. स्त्रिया गवंडी झाल्या तर आपला दर पडेल, अशी भीती तो खासगीत बोलून दाखवतो. ही भीती समजण्यासारखी असली तरी तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे. दर पडतो तो समान दराने काम करणाऱ्या गवंडणीमुळे नव्हे. निम्म्या कामगारांना कायम अकुशल आणि अगतिक ठेवले, की कंत्राटदाराला सर्वांचाच दर पाडणे सोपे जाते.

म्हणून ठरावात तीन मागण्या आणखी हव्यात. प्रत्येक मोठ्या बांधकामावर स्त्रियांना मिस्त्रीच्या हाताखाली शिकण्याची सोय व्हावी. शिकण्याच्या काळात बुडणारी मजुरी उपकराच्या निधीतून भरून मिळावी. शिकलेल्या स्त्रीची नोंद ‘गवंडी’ अशीच व्हावी आणि तिला गवंड्याचाच दर मिळावा. मात्र पहिले पाऊल शासनाने उचलण्याची वाट पाहू नये. संघटनेतील प्रत्येक मिस्त्रीने या वर्षी आपल्या हाताखालच्या एका बाईच्या हाती थापी द्यावी. समतेची भाषणे आपण पुष्कळ केली. आता दोन विटा तिला लावू द्याव्यात.