स्मरणिकेपलीकडे

२७ फेब्रुवारी जवळ आला की नाशकात कुसुमाग्रजांच्या आठवणींना उधाण येते. हारतुरे, भाषणे, काव्यवाचन सारे यथासांग पार पडते. त्याविषयी तक्रार नाही. परंतु एवढ्याने लेखकाचा अभ्यास होतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

टॉमस पिंचन हा महायुद्धोत्तर अमेरिकन कादंबरीकार प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहत आला. तरीही १९७९ मध्ये केवळ त्याच्या साहित्याला वाहिलेले ‘पिंचन नोट्स’ हे नियतकालिक दोघा अभ्यासकांनी काढले व ते सुमारे तीन दशके चालले. टीपा, सूची, मतभेद, दुरुस्त्या ही वरकरणी रुक्ष कामेच पुढच्या संशोधकाला आधार देतात.

शिरवाडकरांच्या बाबतीत अशा कामाला तोटा नाही. १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून ‘विशाखा’ प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रत्येक कविता प्रथम कोठे छापली गेली, पुढे तिचे शब्द बदलले काय? १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’ची छापील संहिता आणि प्रयोगाची संहिता यांत अंतर किती? पहिले अप्पासाहेब बेलवलकर, डॉ. श्रीराम लागू, २०१९ मध्ये गेले. तालमींच्या वह्या कोणाच्या माळ्यावर असतीलही. वाळवी काही आपल्यासाठी थांबणार नाही.

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातील मराठी विभागाने वर्षाला दोन अंक काढावेत. शंभर वर्गणीदार पुरेत. मात्र कुसुमाग्रजांवर कठोर टीका करणारा लेखही छापण्याची तयारी हवी. स्मरणिका आपल्याकडे उदंड आहेत. पहिल्या अंकात नुसती लेखनसूची असली तरी चालेल.