पहाटे साडेपाचची खोड
अर्जाची शेवटची तारीख १५ मार्च, आणि त्याच दिवशी सकाळी सहाला चहाचा कप हातात घेऊन अर्ज उघडावा तर पान म्हणतं, ‘मुदत संपली’. भाच्याने बनवलेल्या साइटवर हेच झालं. सर्व्हर, इंटरनेट, नशीब, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. खोड निघाली जावास्क्रिप्टची: ‘२०२५-०३-१५’ अशी नुसती तारीख दिली की ती जागतिक प्रमाणवेळेतली मध्यरात्र धरते, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, तिलाच पुढे ‘टी००:००’ जोडलं की मात्र स्थानिक मध्यरात्र! न्यूयॉर्कमध्ये तर ती नुसती तारीख आदल्या संध्याकाळी आठला जाऊन बसते. हे निस्तरेपर्यंत दुसरं समोर आलं. दोन तारखा तीन बरोबर-चिन्हांनी ताडल्या की उत्तर कायम ‘नाही’, कारण तिथे वेळ नव्हे, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत एवढंच पाहिलं जातं. गेटटाइम वापरून १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद काढायचे आणि ते आकडे ताडायचे. (आधी कोणती, नंतर कोणती हे विचारलं तर बिनबोभाट बरोबर सांगते, म्हणून संशयही येत नाही.) महिने शून्यापासून मोजण्याची तऱ्हा तर जावाकडून उसनी घेतलेली, मार्चला तिथे २ म्हणायचं. उसनवारीत दोषही आले, आणि ते कोणी परत केले नाहीत. भाच्याने शेवटी १६ मार्चची मध्यरात्र ‘+०५:३०’ असं स्पष्ट लिहून टाकली आणि झोपायला गेला.