समुद्रकाठचा वाडा आणि आमचा मे महिना

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे एक प्रकारची जाहिरात वारंवार दिसते. कोकणात समुद्रकाठी शंभर वर्षांचा जुना वाडा आहे, वीस माणसांचे कुटुंब त्यात एकत्र उतरू शकते, अंगणात झोपाळा आहे, स्वयंपाकाला माणूस आहे. सगळ्या गोतावळ्यासह या आणि चार दिवस धकाधकी विसरा, असा तिचा मथितार्थ. आपल्यातले पुष्कळजण ही जाहिरात वाचून हसतात. माझे काही मित्र तर म्हणतात, ही पैसेवाल्यांची थेरं, धारूरच्या माणसाला त्याचे काय? हे मत मला मान्य नाही.

मुळात ही कल्पना जाहिरातवाल्यांची नव्हेच. अलिबागजवळ किहीम नावाचे गाव आहे. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातील माणसे सुट्टीत तेथे समुद्रकाठच्या घरांत येऊन राहत. 1887 साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष असलेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. या मंडळींत एक सुंदर चाल होती. घरात 'अखबार' नावाची वही ठेवलेली असे आणि तीत बायका-पुरुष, थोर-लहान सर्वांनी हकीकत लिहावी, तीही उर्दूत. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांना लहानपणी सांभाळले ते त्यांच्या मामांनी, म्हणजे अमिरुद्दीन तय्यबजींनी. 1930 साली सालिम अली जर्मनीहून परतले तेव्हा त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले, आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग तो पुढच्या घरट्याला हात घालतो, हे त्यांनी निवांत बसून टिपले. सुगरणीची घरटी आपल्या विहिरींवरच्या बाभळींनाही लोंबतात. ती आपल्याला दिसत नाहीत असे नाही. बसायला वेळ कुणाला आहे?

कुणी म्हणेल, तुमच्या भागातील कुटुंबे एकत्र कोठे जातच नाहीत. उलट आमच्याइतका एकत्र प्रवास कोण करीत असेल! दिवाळी सरली की धारूर, वडवणी, केजकडची घरेच्या घरे ट्रकात बसतात. म्हातारी, पोरे, बैल, शेळ्या, पिठाचे डबे, सगळा संसार. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. म्हणजे कुटुंब हेच तेथे हत्यार आहे. माझ्या आईवडिलांनी कोल्हापूरकडे सात हंगाम काढले. भूगोलाचा नकाशा उघडून मी एकदा पाहिले. कोल्हापूरपासून रत्नागिरी सुमारे सव्वाशे किलोमीटर, मध्ये एक आंबा घाट. धारूरहून चारशे किलोमीटरचा प्रवास करून माणसे समुद्राच्या इतकी जवळ जातात, सहा-सहा महिने कोपीत राहतात आणि समुद्र न पाहता परत येतात. सात वर्षांत सात वेळा.

त्याच रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी राणी-मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवले. समुद्राकडे पाहणारा हा लालसर वाडा 1910 च्या सुमारास त्याच्यासाठी बांधला गेला, आणि 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. ऐतिहासिक वास्तू, समुद्राची हवा, एका छपराखाली सगळे कुटुंब. जाहिरातीतील एकही गोष्ट कमी नव्हती. तरी त्याला कुणी सुट्टी म्हणणार नाही, कारण निघून जाण्याची मोकळीक नव्हती. (राजाशी आमची बरोबरी करतो आहे, याबद्दल इतिहासाच्या सरांनी रागावू नये.) उचल घेतलेल्या कोयत्यालाही हंगाम अर्ध्यावर टाकून निघता येत नाही.

राज्यशास्त्राच्या तासाला आपण मानवी हक्कांचा जाहीरनामा शिकतो. 1948 च्या त्या जाहीरनाम्याचे चोविसावे कलम विश्रांतीचे आहे, आणि पगारी सुट्टीचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. त्याच वर्षीच्या आपल्या कारखाने कायद्याने वर्षात 240 दिवस भरणाऱ्या कामगाराला वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. 2020 च्या नव्या संहितेत ही अट 180 दिवसांवर आणली आहे. परंतु ऊसतोडीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा, आणि साखर कारखान्यासाठी राबणारा तोडणीवाला नोंदला जातो तो मुकादमाचा माणूस म्हणून. फ्रान्समध्ये 1936 साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि रेल्वेची स्वस्त तिकिटेही निघाली, तेव्हा हजारो कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. तेथेही ही चैन आहे असे म्हणणारे लोक होतेच.

गेल्या उन्हाळ्यात ही गोष्ट मी घरात काढून पाहिली. आजीने पहिला प्रश्न विचारला, "तितं देव कोन्चा हाय?" तिचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडे तुळजापूर, पंढरपूर, लग्न आणि मयत, एवढ्याच कारणांनी माणूस घर सोडतो. विनाकारण जाणे ही कल्पनाच आम्हाला लाज आणते. वडिलांनी हिशोब केला. खर्च करायचा तर तो उचलीतून, म्हणजे समुद्र पाहिल्याचे पैसे पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडायचे. ते हसून म्हणाले, "लई महागात पडंल पानी." माय बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आन् वीस मान्सांच्या भाकरी कुनी थापायच्या? मी इतंच बरी."

मायचे बोलणे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. बाईला चुलीपासून सुटका नसेल तर वाडा काय आणि कोपी काय, सारखेच.

आता प्राध्यापकवर्ग म्हणेल की आधी शिक्षण, आधी दवाखाना, आधी पाणी. ते हवेच. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 साली आली, तिचे मी स्वागतच करतो. पण परिणाम पाहा. मूल वसतिगृहात राहते, आईबाप फडात राहतात. शिक्षणासाठी हे घडले पाहिजेच, तथापि त्या घराला एकत्र राहण्याचे दिवस त्याने आणखी कमी झाले. वर्षातले चार दिवस आता अधिक गरजेचे झाले आहेत.

अडचण पैशाइतकीच दिवसांचीही आहे. कोकणातला सहलीचा मोसम ऑक्टोबर ते मे. नेमका तोच आमचा ऊस. आम्ही मोकळे असतो तेव्हा पाऊस असतो, खवळलेल्या समुद्रावर होड्या बंद असतात आणि इकडे पेरणीची धांदल असते. उरतो तो मे महिना, त्यातून लग्नतिथी वजा करा. हाती आठ-दहा दिवस राहतात. सरकारी नोकरांना सहकुटुंब रजा प्रवास सवलत मिळते, ती योग्यच आहे. तशीच सवलत तोडणी कामगारांच्या महामंडळाने या आठ-दहा दिवसांत एस. टी. गाडी आणि समुद्रकाठच्या एखाद्या सरकारी विश्रामगृहाची जागा देऊन का सुरू करू नये? दरवर्षी एका तालुक्यातील थोड्या कुटुंबांपासून सुरुवात करता येईल. उचलीत ही रक्कम धरायची नाही, ही अट असावी. शक्य तर जागा जुनी, मोठ्या ओसरीची असावी. पोरांना धावायला आणि म्हाताऱ्यांना टेकायला अशी घरे बरी पडतात.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी या मागणीचा अर्ज लिहावा, असे मी सुचवतो. मसुदा मी केला आहे. स्वयंपाकाला माणूस असावा, ही मायची अट त्यात पहिल्या क्रमांकावर आहे.