शून्य बिलामागची युनिटे

साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषिपंपाचे बिल एप्रिल २०२४ पासून शासन भरत आहे. बिलाखाली शून्य दिसले की कागद खुंटीला लागतो आणि विषय संपतो. पण तो कागद एकदा नीट वाचावा, अशी आमची विनंती आहे. शून्य फक्त तुमच्या बाजूला आहे. शासनाच्या तिजोरीतून तुमच्या नावावर महावितरणला रक्कम जातच असते. ती किती विजेची, आणि तेवढी वीज तुमच्या विहिरीवर खरोखर आली का, हे विचारायला पूर्वी निदान बिलाचा चटका तरी होता. आता तोही राहिला नाही.

हा प्रश्न पुण्यातील 'प्रयास' या संस्थेने फार आधीपासून लावून धरला आहे. १९९४ पासून काम करणारा हा सार्वजनिक न्यास आहे. त्याचा ऊर्जा गट ना वीज कंपनीचा, ना शासनाचा, ना कोणत्या पक्षाचा. मोर्चे काढणे हा त्यांचा मार्ग नव्हे. वीज मंडळाचेच कागद घ्यायचे, त्यातल्या आकड्यांची एकमेकांशी गाठ घालायची आणि जे जुळत नाही ते लोकांपुढे मांडायचे, हे त्यांचे काम. गिरीश संत, शंतनु दीक्षित, सुबोध वागळे या मंडळींनी १९९५ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या कराराचा असाच हिशेब मांडला. ती वीज राज्याला परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९९९ मध्ये प्रकल्पाची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बंद पडली, हे सर्वांना ठाऊक आहे.

पण आपल्या कामाचा हिशेब दुसराच आहे. तो कृषिपंपांचा.

लाखो पंपांना आजही मीटर नाही. असलेल्या मीटरांपैकी बंद किती, हे तुम्हीच आम्हाला सांगता. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे दोन वर्षांच्या मुदतीनंतर मीटरशिवाय वीज द्यायचीच नाही, असे आहे. ते कागदावरच राहिले. मग पंपांनी किती वीज घेतली हे ठरवायचे कसे? तर जोडलेले एच.पी. धरायचे, त्याला वर्षातील वापराचे तास लावायचे आणि अंदाज काढायचा. सगळी गोम या तासांत आहे. कारण कंपनीने घेतलेल्या एकूण विजेतून मीटरवरची विक्री आणि शेतीचा हा अंदाज वजा केला की जे उरते, त्याला गळती म्हणतात. शेतीचा अंदाज फुगवला की गळती आपोआप कमी दिसते. कुठे आकडा टाकलेला, कुठे कारखान्याच्या मीटरमध्ये गडबड, कुठे जुनाट तारा. सगळे शेतकऱ्याच्या नावावर जिरते.

एक उदाहरण करून बघू. पाच एच.पी.ची मोटर तासाला साधारण चार युनिटे घेते. समजा ती वर्षाला १,५०० तास चालली, तर ६,००० युनिटे झाली. कागदावर २,२०० तास धरले, तर ८,८०० युनिटे होतात. एका पंपामागे २,८०० युनिटे अशी, की जी पाटात कधी दिसलीच नाहीत. हजार पंपांचे २८ लाख युनिट झाले. आणि वरून शहरातला माणूस म्हणायला मोकळा, की शेतकरी फुकट वीज ओढतो.

ही नुसती कल्पना नव्हे. राज्यात १९९९ मध्ये वीज नियामक आयोग आला आणि मंडळाला आकडे चारचौघांत मांडावे लागले. तोवर मंडळ वीजगळती १७-१८ टक्क्यांच्या आसपास सांगत असे. 'प्रयास'सारख्या संस्थांनी आणि आयोगाने छाननी केल्यावर तीच गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. तारा त्याच होत्या, खांब तेच होते. फरक एवढाच, की शेतीच्या नावावर घातलेली युनिटे बाजूला काढून मोजली गेली. शेतकऱ्यांच्या बाजूने एवढे मोठे काम क्वचित झाले असेल, आणि बहुतेक शेतकऱ्यांना त्याची खबरही नाही. थोडा दोष संस्थेकडेही जातो. त्यांचे अहवाल बहुतांशी इंग्रजीत निघतात. ते तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या टेबलावर कसे पोहोचणार?

याच मंडळींनी १९९६ मध्ये पंपांच्या कार्यक्षमतेवर आणि सवलतीच्या विजेचा लाभ नेमका कोणाला मिळतो यावरही लिहिले होते. (कोरडवाहूवाल्याच्या विहिरीलाच पाणी नाही, त्याला पंपाची सवलत कसली, हे आम्ही रोज पाहतो.) पुढे दिवसा लाइट मिळावी म्हणून एकेका पंपाऐवजी अख्ख्या फिडरला सौर प्रकल्प जोडावा, ही कल्पनाही त्यांनी हिरीरीने मांडली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे सुरुवातीचे प्रकल्प झाले. रात्रीच्या पाळीला विंचूकाट्यात दारे धरणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

फुकट विजेबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. दिलासा मिळाला, तो हवाच होता. कापसाचे आणि कांद्याचे भाव बघता बिल भरणे अनेकांच्या आवाक्यात नव्हते. पण सवलत ही दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर टिकते. कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे सवलतीची रक्कम शासनाने कंपनीला आगाऊ द्यायची असते. उद्या हात आखडता घ्यायची वेळ आली, तर पहिले बोट शेतीच्या फुगलेल्या आकड्याकडेच जाईल. त्या वेळी आपल्या हातात आपला आकडा पाहिजे.

तो ठेवायला पुण्याच्या तज्ज्ञाची गरज नाही. बिलावर तुमच्या मोटरचा एच.पी. किती लिहिला आहे तो आधी पाहा. तीनची मोटर आणि बिलावर पाच, अशी प्रकरणे आढळतात. फरक असेल तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वायरमनला तोंडी सांगून भागत नाही. सरपंच आणि ग्रामसेवकांनी गावच्या फिडरची वही घालावी: थ्री फेज लाइट किती वाजता आली, किती वाजता गेली, मध्ये किती वेळा तुटली, डीपी जळाली तर किती दिवसांनी बदलली. सबस्टेशनमध्ये अशी नोंद असतेच. माहिती अधिकारात तिची प्रत मागता येते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचाव्यात.

वीजदर ठरवण्यापूर्वी आयोग जाहीर नोटीस देऊन लेखी सूचना-हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. अलीकडे काही सुनावण्या संगणकावरूनही झाल्या. तेथे ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून 'प्रयास' आणि मुंबई ग्राहक पंचायत बोलत आली आहेत, उद्योजकांच्या संघटनाही बोलतात. गावातून मात्र फारच थोडे कागद जातात. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, ठरावासह, वर्षभराच्या फिडर वहीचा गोषवारा जोडून पाठवलेला अर्ज मराठीत चालतो. नोटीस वर्तमानपत्रात येते आणि मुदत थोडी असते, म्हणून वही आत्ता, रब्बीच्या पहिल्या पाण्यापासूनच सुरू करावी.