युरियाची गोणी आणि वस्तीचा हातपंप

उन्हाळा आला की उल्हास नदीवर जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर या पट्ट्याची तहान याच नदीवर भागते. पाण्यात मिसळलेले नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खाद्य. इथे ते प्रामुख्याने शहरांच्या सांडपाण्यातून येते. त्याविरुद्ध 'वनशक्ती' ही संस्था राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०१५ साली लवादाने जबाबदार संस्थांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. नाला दिसतो, पाइप दिसतो, म्हणून दोषी सापडतो. पण जिथे पाइपच नाही, तिथे दाद कोणाविरुद्ध मागायची?

हा प्रश्न आपल्या गावांचा आहे. विठ्ठलवाडीच्या चाळींतील कितीतरी कुटुंबे मराठवाडा-विदर्भातून पोटासाठी आली. त्यांचे आईवडील आजही गावी हातपंपाचे पाणी पितात. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेला अहवाल म्हणतो की, महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. देशातील गंभीर जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ ही नावे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

हे विष येते कुठून? युरियात ४६ टक्के नत्र असते. मातीतील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पीक आपल्याला लागेल तेवढे घेते. उरलेले नायट्रेट माती धरून ठेवू शकत नाही. पावसाबरोबर ते खाली झिरपते आणि विहिरीत, बोअरमध्ये उतरते. शेणाचे उकिरडे, संडासाचे शोषखड्डे यांचाही त्यात वाटा आहे. या पाण्याला रंग नाही, वास नाही. ते उकळले तर नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि क्लोरीनही इथे निरुपयोगी. सर्वाधिक धोका सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावरील बाळांना. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, ओठ-नखे निळी पडतात.

आता पाहा, भोगतो कोण? ज्याच्या घरी आरओ यंत्र आहे तो सुटतो. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, ज्याने आयुष्यात युरियाची एक गोणीही स्वतःच्या शेतात टाकली नाही, तो भूमिहीन मजूर मात्र वस्तीच्या हातपंपावर तेच पाणी भरतो. खताचा लाभ एकाचा आणि पाण्याची शिक्षा दुसऱ्याची!

१९७४ चा जल प्रदूषण कायदा भूगर्भातील पाण्यालाही संरक्षण देतो. परंतु त्याची परवानगी आणि तपासणीची सारी यंत्रणा कारखाने व नगरपालिकांसाठी रचलेली आहे. शेतातून झिरपणारे नत्र तिच्या हाती लागत नाही. दोन एकरवाल्या शेतकऱ्याला कोर्टात खेचा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्याला या वाटेवर कोणी नेले? २०१० साली केंद्राने अन्नघटकांवर आधारित अनुदान धोरण आणले, पण युरिया त्यातून वगळला. स्फुरद-पालाशच्या खतांच्या किमती वाढल्या. युरियाची ४५ किलोची गोणी मात्र कर आणि कडुनिंब लेपाचा खर्च वगळून २४२ रुपयांतच राहिली. जे स्वस्त तेच शेतकरी जास्त टाकणार. दोष शेतकऱ्याचा कमी, धोरणाचा जास्त आहे.

उपाय अवघड नाहीत. माती तपासून खत द्यावे, एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावे, कडधान्याची फेरपालट करावी, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. युरोपीय समुदायाने १९९१ सालीच नायट्रेटसाठी वेगळा कायदा करून धोक्याचे प्रदेश ठरवले आणि तिथे खतवापरावर बंधने घातली. बीड-बुलढाण्यासाठी आपल्या राज्यकर्त्यांना हे का सुचू नये? आणि बंधनांबरोबर शेतकऱ्याला भरपाईही मिळालीच पाहिजे.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा; त्याचा मुंबई उच्च न्यायालयातील निकाल १९३७ चा. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क बाबासाहेबांनी रस्त्यावर आणि न्यायालयातही लढून मिळवला. प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सांगितले आहे. हा हक्क कागदावर राहू द्यायचा नसेल तर कार्यकर्त्यांनी आता गावी जाताना एक काम करावे. वस्तीच्या हातपंपाचा नायट्रेट अहवाल ग्रामसभेत मागावा. मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा. प्रमाण जास्त निघाले तर पर्यायी पाण्याची लेखी मागणी करावी. अहवाल हातात असेल तरच उद्या न्यायालयात उभे राहता येईल.