टेम्पो लागण्याआधी वाडीची वही भरू या

दिवाळी सरली की कर्जत, सुधागड, मुरबाड, शहापूरच्या कातकरी वाड्यांवर टेम्पो लागतील. भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरंबाळं भरून कुटुंबं वीटभट्टीवर निघतील, ती पावसाच्या तोंडावर परततील. पण सौदा ठरतोय तो आत्ता. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलंय, अशा वेळी मुकादम बयाणा हातावर ठेवतो. किती दिला, याची नोंद फक्त शेठच्या वहीत. भट्टीवर आठवड्याची खर्ची तेवढी मिळते. मजुरी हजार विटांमागे, नवराबायकोच्या जोडीला. थापलेल्या विटा उन्हात पलटायला पोरंही लागतातच, त्यांचा हिशोब कोण धरतो? हंगामाअखेर बयाणा फिटत नाही, पैसे अंगावर फिरतात आणि पुढच्या वर्षीही तीच भट्टी.

‘कातकऱ्यांना पैसा राखता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी ती वही एकदा वाचावी.

बयाण्याच्या कर्जात अडकवून असं राबवणं ही वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्याने असं कर्ज रद्द होतं, ते फेडायचं नसतं. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. 1980 च्या दशकात वसईत श्रमजीवी संघटनेने याच कायद्याच्या जोरावर वेठबिगार सोडवले. तेव्हा वेठबिगारच उभे राहिले, म्हणून कायदा हलला.

म्हणून दसऱ्याच्या आत वाडीवाडीवर सभा घेऊन वाडीची स्वतःची वही करायची आहे. कोण कुठल्या भट्टीवर जाणार, मुकादमाचा मोबाइल, बयाणा किती, दर काय. बाईचं नाव आणि तिची मजुरी वेगळी. वाडीतली दहावी-बारावी झालेली पोरं लिहितील. त्यांना सोबत हवी आहे, कारण मुकादम त्यांच्याच ओळखीतला असतो.

तुम्ही या. वकील असाल तर एक रविवार द्या. गुरुजी, बाई, निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या. रेशन दुकानदारांनो, भट्टीजवळच्या दुकानातही यांचं धान्य मिळतं, हे निघण्याआधी सांगा. घर बांधणाऱ्यांनो, वीट कुठून आली ते विचारा. भट्टीवर कुणाला अडवून ठेवलेलं दिसलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मूल राबताना दिसलं तर 1098 वर फोन करा.

जुने कपडे, फराळाची पाकिटं यंदा नकोत. पेन घेऊन या, दसऱ्याआधी.