रंग रिळावर नसतो

लिलावाच्या संकेतस्थळांवर हल्ली एक विचित्र बाजार भरतो. एखादं छोटंसं लाकडी रीळ, त्यावर थोडं नारिंगी रेशीम, जरा फाटलेलं लेबल, आणि त्यासाठी चढाओढ. हे रेशीम साडीचं नव्हे, भरतकामाचंही नव्हे. ट्राउट मासा पकडण्यासाठी गळावर जी कृत्रिम माशी बांधतात, तिचं हे रेशीम. पिअरसॉल्स या इंग्लिश कंपनीचा 'गॉसमर' नावाचा दोरा आता बनत नाही. तो ज्याच्याकडे नाही त्याने उत्तर इंग्लंडच्या पारंपरिक माश्या बांधायच्या भानगडीत पडूच नये, अशा थाटात काही मंडळी बोलतात. मला हा परंपरेचा अपमान वाटतो. आणि तो परंपरेच्याच नावाने चालतो म्हणून जास्त खटकतो.

आधी या माश्यांबद्दल. यॉर्कशायरच्या व्हार्फ, निड, यूर या नद्यांवर जी माशी चालते तिला 'स्पायडर' म्हणतात. रचना अगदी साधी. गळाच्या दांडीवर रेशमाचे काही वेढे, डोक्यापाशी मऊ पिसाची दीड-दोन वेटोळी, संपलं. 'पार्ट्रिज अँड ऑरेंज' या माशीची अख्खी कृती तिच्या नावातच आहे: तित्तराचं पीस आणि नारिंगी रेशीम. टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये या माश्या पुस्तकात आणल्या. १९१६ मध्ये एडमंड्स आणि ली यांनी त्यांचं पुस्तक काढलं, आणि त्याच्या मोजक्या प्रतींत चक्क खऱ्या पिसांचे आणि रेशमाचे नमुने लावले. माशीचं अंग म्हणजे नुसतं रेशीमच असेल, तर रेशमाची निवड महत्त्वाची हे उघडच आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही. निवड कशी करायची, याच्याशी आहे.

कारण रेशमाचा जो रंग रिळावर दिसतो तो माशाला कधीच दिसत नाही. रेशीम भिजलं की तंतूंमधली हवा जाते, तिथे पाणी शिरतं, वरची चकाकी मावळते आणि खालची काळी दांडी आतून डोकावू लागते. झगझगीत नारिंगी तांबूस-तपकिरी होतं. पिवळं रेशीम राळ घातलेल्या गडद मेणातून ओढलं की हिरवट होतं, आणि 'वॉटरहेन ब्लोआ' या माशीची सगळी जादू त्या हिरवटपणातच आहे. म्हणजे रंग हा दोरा, मेण, दांडी आणि पाणी या चौघांचा मिळून असतो. त्यातल्या एकाच्या लेबलावरचा क्रमांक पाठ करून काय साधणार?

ही अक्कल काही माझी नाही. रॉबर्ट व्हेनेबल्स नावाचा क्रॉमवेलचा एक सेनानी होता. १६५५ ची कॅरिबियन मोहीम फसली म्हणून टॉवर ऑफ लंडनची हवा खाऊन आलेला. त्याने १६६२ मध्ये मासेमारीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो बजावतो की माशीचा रंग जुळवताना केस, लोकर जे काही वापराल ते आधी ओलं करा. कोरडं असताना तंतोतंत जुळणारा रंग पाण्यात बदलतो. गॉसमरचा, प्रिटचा, कुणाचाच तेव्हा पत्ता नव्हता. परंपराच हवी असेल, तर ही घ्या!

लीड्सला राहायला आल्यावर मी ही कला एका संध्याकाळच्या वर्गात शिकलो. शेजारी एक शाळकरी मुलगा बसायचा. त्याने आजीच्या शिवणाच्या डब्यातलं नारिंगी रेशीम आणलं होतं. एका ज्येष्ठाने त्याची माशी उचलली, रीळ पाहिलं आणि म्हणाला, "रेशीम चुकीचं आहे." टेबलावर पाण्याचा पेला होता. त्यात ती माशी बुडवून पाहावी असं कुणालाही सुचलं नाही. मलासुद्धा नाही, याची आजही लाज वाटते.

क्रमांकवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. क्रमांकामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात कुठली छटा होती हे कळतं. एडमंड्स आणि ली यांनी बारकाईने नोंदी केल्या त्या यासाठीच. पण तो पत्ता आहे, देव नव्हे. शिवाय रेशीम उजेडाने विटतं आणि कमकुवत होतं. दुकानाच्या खिडकीत कित्येक उन्हाळे काढलेलं जुनं रीळ आज मूळ छटा दाखवतंच, याची हमी कोण देणार?

दुसऱ्या टोकालाही एक टोळी आहे: "माशाला काय कळतंय, कुठलाही पॉलिएस्टरचा दोरा चालतो." डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने १८५७ मध्येच सांगितलं होतं की शेकडो नमुन्यांची गरज नाही, थोड्याच माश्या नीट टाकता आल्या पाहिजेत. ते खरंच आहे. पण सामान्य हवेत रेशीम आपल्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. दोन्हींचं पाण्याशी असलेलं नातंच वेगळं आहे. ज्याला पॉलिएस्टर वापरायचं त्याने खुशाल वापरावं, पण फरक नाही असं म्हणू नये.

मग निवडायचं कसं? दोरा बारीक घ्या. जाड दोऱ्याने अंग फुगतं. बोटांत धरून ओढा. जुनं रेशीम असेल तर दोनदा ओढा. पीळ थोडा उलगडून पाहा. पीळ सुटला की दोरा चपटा बसतो. मग उघड्या दांडीवर पाच-सहा वेढे घ्या, एकदा मेणासकट, एकदा मेणाशिवाय. पाण्यात बुडवा आणि खिडकीच्या उजेडात धरा. मार्चमध्ये नदीवर दिसणाऱ्या किड्याच्या रंगाशी ते जुळत असेल, तर ते रेशीम बरोबर. रिळावर काहीही लिहिलेलं असो.

आणि अस्सलपणाचं म्हणाल, तर यॉर्कशायरच्या गारठ्यात रेशमाचे किडे कुणी पाळत नव्हतं. कच्चं रेशीम दूरदेशांहूनच यायचं. आपल्या येवल्याच्या पैठणीचं रेशीमही बरंचसं बेंगळुरूहून येतं, म्हणून ती पैठणी उणी ठरत नाही. ती विणणाऱ्याच्या हातामुळे पैठणी ठरते. या माश्यांचंही तसंच आहे. नदीकाठच्या लोकांनी हाताशी होतं त्या पिसांतून आणि मिळालं त्या दोऱ्यातून त्या बांधल्या. त्यांच्याकडे होती ती नजर. रिळं कपाटात जपून ती नजर जपली जात नाही. ती जपायची असेल तर पुढच्या वेळी त्या मुलाची माशी आधी पेल्यात बुडवा, आणि मग बोला.